चाळीस चित्रं आणि एक कोयता

डहाणू, ९ मार्च २०२५

विनोददादा,

फोन केला तर तू उचलतोस आणि गप्प राहतोस. मेसेज केला तर अंगठा पाठवतोस. माझा वाढदिवस, अंगठा. धाकले काका वारले, तरी अंगठा! म्हणून हे पत्र. याला उत्तर म्हणून अंगठा द्यायचा तर शाई लावून द्यावा लागेल, तेवढे कष्ट तू घेणार नाहीस.

आत्या सांगत होती, ऑपरेशनला आठ महिने झाले तरी तू दिवसभर ओट्यावर बसून समुद्राकडे बघत असतोस. डॉक्टरांनी तुझं स्वरयंत्र काढलंय, दादा. जीभ, ओठ, दात सगळं जागेवर आहे. चिंचणीपासून बोर्डीपर्यंत एकही टेनिसबॉल टूर्नामेंट तुझ्या कॉमेंट्रीशिवाय झाली नाही. एका षटकारात मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही भाषा वापरणारा माणूस तू.

आता मतलबाचं. तुला माहीत आहे, तालासरीच्या शाळांमधून विशेष शिक्षिका म्हणून फिरता फिरता मी वाचा-उपचाराचं पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. अर्धवेळ आणि दूरस्थ. अर्धवेळ म्हणजे नोकरी, घर, नितीनच्या आईची साखर सांभाळून उरलेला वेळ. दूरस्थ म्हणजे रविवारी सकाळी वीस बायका पडद्यावर चौकोनात बसतात आणि एकमेकींना विचारतात, "माझा आवाज येतोय का?" वाचा-उपचाराचा वर्ग आहे हा!

हे माझं सहापैकी तिसरं सत्र. मे अखेर मला दोन केसेस पूर्ण करायच्या आहेत, एक मूल आणि एक प्रौढ. दोन्ही झाल्या तरच सत्र पास. प्रौढ तू हो. गळ्याला लावून बोलायचं यंत्र पार्सलने पाठवते आहे. रोज वीस मिनिटं सराव कर आणि कागदावर मांडून पाठव. मी त्रेचाळीसची आहे, दादा. वर्गातल्या बाकीच्या मुली मला "मावशी" म्हणतात. मला हे पूर्ण करायचंय.

तुझी भुणभुण करणारी
प्राजक्ता


चिंचणी, १६ मार्च

प्राजू,

यंत्र पोचलं. पार्सल आईने उघडलं. म्हणाली, "प्राजूने दाढीचं मशीन कशाला पाठवलं? ह्याच्याकडे आहे की." गळ्याला लावतात म्हटल्यावर तिची खात्रीच झाली.

लोकांना वाटतं, आवाज गेला म्हणजे कानही गेले. बंदरावर भेटतात तेव्हा ओरडून विचारतात, "विनोद, बाजाराला आलास काय?" माझ्या हातात पिशवी, पिशवीतून बोंबलांची शेपटं बाहेर आलेली. काय सांगू, लग्नाला आलोय? पूर्वी एकेकाला असा टोला द्यायचो की तो परत विचारायचा नाही. आता नुसता बघतो. मग ते आपापसात म्हणतात, डोक्यावर पण परिणाम झालेला दिसतो.

ज्याला उत्तर डोळ्यांसमोर दिसतंय, तो विचारतो कशाला, याच्यावर तुझ्या अभ्यासक्रमात एखादा धडा आहे का?

असो. तुझा प्रौढ व्हायला मी तयार आहे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला प्रौढ म्हटलं. सरावाचा कागद दर आठवड्याला मिळेल.

तुझा केस नंबर दोन
विनोद


डहाणू, ३० मार्च

विनोददादा,

तुझा कागद मिळाला. "सोमवार, वीस मिनिटं, स्वर ठीक. मंगळवार, वीस मिनिटं, आईला कळलं. शनिवार, पंचवीस मिनिटं, शेजारच्या कुत्र्यालाही कळलं." वाचून मी घरात एक गिरकी घेतली. नितीन म्हणाला, "लॉटरी लागली का?"

लागलीच आहे. केस नंबर एकही मिळाली. झरीच्या एका पाड्यावरची चिमी, वय साडेसात. आई-बाप पहाटे उठून गुजरातेत कंपनीत जातात, सांभाळते आजी, काळी तिचं नाव. गुरुजी म्हणाले, "मॅडम, दोन वर्षांत हिच्या तोंडून एक शब्द ऐकलेला नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर."

तीन वेळा बसले तिच्यासोबत. वही, स्टॉपवॉच, चित्रांचा संच, सगळं नियमाप्रमाणे. चाळीस चित्रं: गाय, छत्री, कात्री, कपबशी. प्रत्येकावर बोट ठेवून विचारायचं, "हे काय आहे?" पाच सेकंद थांबायचं आणि लिहायचं. चाळीसच्या चाळीस वेळा मी मान हलवली आणि लिहिलं, "प्रतिसाद नाही". कान उत्तम आहेत, मागे ताट पाडलं तर दचकली. समजही आहे, कारण माझ्याकडे ती अशी काही बघत होती की मला पदर नीट करावासा वाटला.

खरं सांगू? मला आनंद झाला. इतकी स्वच्छ केस वर्गात कुणालाच मिळालेली नाही. मग आनंद झाल्याची लाज वाटली. लाज ओसरल्यावर पुन्हा आनंद झाला. अहवाल निलम मॅडमना पाठवला. त्या माझ्या मार्गदर्शक, मी त्यांना फक्त खांद्यापासून वर पाहिलंय. एक प्रत तालुक्याच्या समितीला दिली. मुक्या मुलांच्या एका निवासी शाळेत जागा आहे, सोळा जूनपासून. लांब आहे, सुटीत घरी येता येईल. पोरीचं कल्याण होईल.

घाईत,
प्राजक्ता


चिंचणी, १३ एप्रिल

प्राजू,

सोबत दोन आठवड्यांचे कागद आहेत. प्रगती उत्तम, तू काळजी करू नकोस आणि फार खोलात जाऊ नकोस.

तुझ्या चिमीविषयी मात्र डोक्यात किडा वळवळतोय. चौथ्या इयत्तेत मी एक अख्खं वर्ष भोसलेबाईंशी बोललो नव्हतो. त्यांनी आईला सांगितलं, मुलगा मंद आहे. आई म्हणाली, "मंद? घरी या, कान बंद करून जाल."

तुझ्या चाळीस प्रश्नांपैकी एकाचं तरी उत्तर तुला माहीत नव्हतं का? आणि तू विचारत नसतेस तेव्हा ती पोरगी काय करते? आजीला विचारलंस? का आजीचं चित्र संचात नव्हतं?

साडेसात वर्षांची पोर आजीला सोडून परक्या गावी पाठवायची, तर मॅच नीट बघून मग निकाल सांगावा. मी कॉमेंट्री बॉक्समध्ये बसून कधी टॉसवर निकाल दिला नाही.

आगाऊ
विनोद


डहाणू, ४ मे

दादा,

उपदेशाबद्दल आभार. तुला आवाज नाही म्हणून लोक तुझं ऐकून घेतात, त्याचा फायदा घेऊ नकोस.

समितीने मंजुरी दिली. मला वाटलं होतं चौकशी होईल, दोन-तीन तज्ज्ञ येतील. कसलं काय! साहेबांनी माझा अहवाल उलटापालटा करून बघितला, पानं मोजली आणि म्हणाले, "फारच सविस्तर आहे." झालं. निलम मॅडमनी तो वर्गात नमुना म्हणून वाचून दाखवला. काळीने संमतीच्या कागदावर अंगठा दिला. अंगठा पुसायला मी रुमाल पुढे केला, तो घेतला नाही, भिंतीला पुसला.

त्या दिवशी निघताना पाड्याच्या वरच्या टेकाडावरून कुणीतरी शेळ्यांना हाका मारत होतं. मुलीचा आवाज होता. असा खणखणीत की माझ्या स्कूटीच्या आवाजातूनही ऐकू आला. एकेक शेळीला नावाने बोलवत होती आणि एकीला चक्क शिव्या घालत होती. पाड्यात मुली काय कमी आहेत? असेल कुणीतरी. मी गाडी थांबवली नाही. उशीर झाला होता.

आठवडाभर जेवण जात नाहीये. परीक्षेचं टेन्शन, दुसरं काही नाही.

पुढच्या रविवारी, ११ तारखेला, मी चिंचणीला येते. तुझं बोलणं रेकॉर्ड करून पाठवायचंय. पाच मिनिटं पुरे. घरीच राहा.

प्राजक्ता


चिंचणी, १२ मे

प्राजू,

काल तू आलीस, मी नव्हतो. आईने तुला कोलंबीचं कालवण वाढलं आणि "दाढी करायला गेला असेल" असं सांगितलं. मी कुठे होतो ते आता लिहितो, बसून वाच.

आधी माझा गुन्हा. सरावाचे सगळे कागद खोटे आहेत. यंत्र आलं त्या दिवशी एकदाच लावलं, स्वतःचं नाव घेतलं. बोटीचं इंजिन बंद पडण्याआधी जसं घरघरतं तसं काहीतरी बाहेर आलं. डबा बंद केला, कपाटात टाकला. तेव्हापासून दर शनिवारी चहा पिता पिता तुझ्यासाठी साहित्यनिर्मिती केली. कुत्र्याचं वाक्य चांगलं जमलं होतं, हे तूही मान्य करशील.

पण रेकॉर्डिंगला कागद कसा चालणार? ठरवलं, यंत्र तुला परत द्यायचं. उसनं भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून रात्रभर चार्ज केलं, पिशवीत घातलं आणि तू निघायच्या आत गाठावं म्हणून पहाटेच्या गाडीने डहाणूला आलो. स्टँडवर उतरलो तर समोर तालासरीची एसटी उभी. तुला तोंड दाखवण्यापेक्षा ते बरं वाटलं. बसलो.

झरीला पोचलो तेव्हा लक्षात आलं, लिहायची पाटी एसटीत राहिली. म्हणजे मी आता पूर्ण मुका. पाड्यात एका घरापुढे म्हातारी ताडगोळे सोलत बसलेली, शेजारी एक पोरगी. मी हातवारे केले. म्हातारीने "चिमे, सरक" म्हणत पाणी दिलं. पोरगी माझ्या गळ्यावरच्या रुमालाकडे टक लावून बघत होती. रुमाल वाऱ्याने जरा उडाला, भोक दिसलं. मोठी माणसं अशा वेळी आभाळाकडे बघतात. ही पुढे आली आणि म्हणाली, "तुजा आवाज कठं गेला?"

प्राजू, दहा महिन्यांत मला कुणीही हा प्रश्न विचारला नव्हता. सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

पिशवीतून यंत्र काढलं, गळ्याला लावलं. म्हटलं, "नेला."

ती दोन पावलं मागे सरकली, मग फिदीफिदी हसली. आजीला म्हणाली, "माशी बोलते!" मग एकदम गंभीर झाली आणि हळूच विचारलं, "कुनी नेला? वहीवाल्यानं?"

मी म्हातारीकडे बघितलं. काळीने हातातला ताडगोळा सोलून खाली ठेवला आणि सांगितलं. तीन वर्षांपूर्वी एक माणूस वही घेऊन आला होता. कुठल्या खात्याचा, ते तिला आजही माहीत नाही. अंगणात बांबू पडलेला, बाजूला चिमीचा आजा कोयता हातात घेऊन बसलेला. सगळं दिसत असून त्याने चिमीलाच विचारलं, "हा बांबू कुणी तोडला?" पोर नुकतीच भडाभडा बोलायला लागलेली. अभिमानाने म्हणाली, "माज्या आज्यानं! या कोयत्यानं!" त्याने वहीत लिहिलं आणि कोयता घेऊन गेला.

काळी म्हणाली, "आज्या वारला मागल्या सालाला. कोयता नाय आला. पोरीला कोनी काय बोलला नाय. तीच थांबली. वही दिसली का तोंड बंद."

शाळेत तर सगळीकडे वह्याच. आणि तू वही, स्टॉपवॉच घेऊन गेलीस आणि गायीवर बोट ठेवून विचारलंस हे काय आहे. तिने चाळीस वेळा आज्याचा कोयता वाचवला, प्राजू. तू तिला चाळीसपैकी शून्य दिलेस.

शेळ्यांना शिव्या देणारी तीच. मीही ऐकल्या. दोन नव्या शिकलो.

खोटारडा
विनोद


डहाणू, २१ मे

दादा,

तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्यावर भडकले, कारण ते सोपं होतं. माझा बोलणारा मुका निघाला आणि मुकी बोलकी निघाली. दोन केसेस, दोन्ही उलट्या.

दुसऱ्या दिवशी झरीला गेले. हात रिकामे, पर्ससुद्धा गाडीतच ठेवली. चिमी मला बघून घराच्या मागे पळाली. काळीने "बस" म्हटलं नाही, "जा" पण म्हटलं नाही. मी बसले. तासाभराने घराच्या मागून शेळीशी बोलणं ऐकू आलं. शेळीला सांगत होती की चित्रवाली बाई आलीये, आवाज करू नको. दादा, तेच ते. टेकाडावरचंच. त्या दिवशी गाडी चालवताना मला कळलं होतं, आता तुझ्यापासून काय लपवू?

निलम मॅडमना कळवलं की दोन्ही केसेस मागे घेते. उत्तर आलं, "आपला प्रामाणिकपणा कौतुकास्पद आहे. सत्र बाद." नितीन म्हणाला, "एवढं कबूल करायची काय गरज होती? विद्यापीठातलं कोण झरीला येणार आहे?" त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. प्रतिसाद नाही.

पण सत्र गेलं ते गेलं, पुन्हा करीन. पोरीचं काय? समितीकडे गेले, म्हटलं माझा अहवाल चुकला. साहेब म्हणाले, "मॅडम, आलेला अहवाल परत जात नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. मुलगी बोलते म्हणता ना, मग आणा चार जूनला, आमच्यासमोर बोलू दे." किती जण असाल, विचारलं. "तिघे. आणि नोंदवही." बोलली नाही तर सोळा जूनला रवानगी.

म्हणजे वहीसमोर बोलत नाही म्हणून जिला मुकी ठरवलं, तिने आता तीन वह्यांसमोर बोलून दाखवायचं. आणि मला आत बसायची परवानगी नाही, कारण चूक माझी.

तू ये. यंत्र घेऊन ये. पाया पडते.

प्राजक्ता


चिंचणी, ५ जून

प्राजू,

काल बाहेर आल्यावर तू माझा हात धरून "काय झालं, काय झालं" करत होतीस आणि यंत्राची बॅटरी संपली होती. म्हणून अंगठा दाखवला. काळी बोलणार नव्हती आणि चिमी तुला घाबरते. म्हणून आता आतला वृत्तांत.

शिपायाने दारात अडवलं, "तुम्ही कोण?" काळी म्हणाली, "यो आमचा मुका हाय." एका मुकीचा निकाल लागत नाही तोवर दुसरा कुठून आला, असं त्याच्या तोंडावर दिसलं, पण सोडलं.

टेबलापलीकडे तिघे. तीन वह्या, तिन्ही उघड्या. मधल्या साहेबांनी स्वतःचं पेन वर धरलं. "बाळ, हे काय आहे?" चिमी गप्प. डावीकडच्या बाईंनी पाण्याची बाटली दाखवली. "सांग बरं, ह्यात काय आहे?" गप्प. तिसऱ्याने भिंतीवरच्या पंख्याकडे बोट केलं. पंखा बंद होता, तोही गप्प. काळीने चिमीचा फ्रॉक मागून घट्ट धरलेला. साहेबांनी पेन वहीवर टेकवलं.

तिथे मी यंत्र गळ्याला लावलं. तुझ्या खोट्या कागदांची शपथ, गेले तीन आठवडे मी खरोखर सराव केलाय, आईला विचार. म्हटलं, "चिमी, आता तू विचार. ह्यांना विचार."

माझा आवाज ऐकून बाईंनी खुर्ची मागे घेतली. चिमीने तिन्ही वह्या बघितल्या. एक-एक. मला वाटतं ती त्यातली जुनी कुठली ते शोधत होती. मग साहेबांच्या, सगळ्यात जाड वहीसमोर जाऊन उभी राहिली. हनुवटी टेबलाला लागत होती.

"माज्या आज्याचा कोयता कठं हाय?"

प्राजू, अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूला षटकार बसल्यावर मैदान क्षणभर गप्प होतं, तसं झालं. साहेब म्हणाले, "काय?" ती म्हणाली, मोठ्याने, शेळीला बोलतात तशी, "कोयता! लिवून नेला ना तुमी? वहीत बगा."

त्यांनी खरंच पान उलटलं गं. मग भान आलं आणि वही मिटली. बाई हसायला लागल्या आणि मग हसायच्या थांबल्या. साहेबांनी शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला, "सदर मुलगी बोलते. निवासी शाळेतील प्रवेश रद्द. कोयत्याचा विषय समितीच्या कक्षेत येत नाही."

मुलगी कुठेही जात नाही. पेढे तू आण, गोड मला गिळता येतं.

कॉमेंट्री बॉक्समधून
विनोद


डहाणू, २९ जून

विनोददादा,

तिसऱ्या सत्राचा अर्ज पुन्हा भरला. वर्गातल्या मुली पुढे गेल्या, नव्या आल्या. त्याही "मावशी" म्हणतात. तुझ्या नावाने नवीन फाइल केली आहे. पहिली नोंद: "११ मे, झरी. एक शब्द. नेला." बाकी कागद खरे पाठव. कुत्र्याविषयी लिहायचंच असेल तर कुत्र्याची सही घे.

कोयत्यासाठी तीन कार्यालयांना अर्ज केले. पहिल्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्याने विचारलं, कोयत्याचा क्रमांक काय. नवा घेऊन द्यावा म्हणून बाजारात उभीही राहिले होते. घेतला नाही. तिने नवा मागितलेला नाही.

दर गुरुवारी झरीला जाते, वही न घेता. गेल्या गुरुवारी चिमी पहिल्यांदाच घराच्या मागे पळाली नाही. वाटेतच उभी होती. माझे हात बघितले, दोन्ही, पुढून आणि मागून. मग विचारलं, "कोयता आनला?"

तिने वाट बघितली, माझ्या स्टॉपवॉचच्या पाच सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त. मग मान हलवली, जशी मी चाळीस वेळा हलवली होती, आणि शेळ्यांना घेऊन टेकाडावर गेली.

दादा, तिने काय लिहून घेतलं असेल ते मला माहीत आहे. पुढच्या गुरुवारी ती पुन्हा विचारणार आहे.

प्राजक्ता